मुखत्यार कोणाचा? हॉलिवुडचे पटकथालेखक आणि त्यांचे एजंट

बाजारपेठेंत माल घेऊन आलेल्या शेतकऱ्याला अडत्या लागतो. भाव काय चालला आहे, गिऱ्हाईक खरें कोण, पैसे वेळेवर कोण देतो आणि बुडवितो कोण, हें शेतकऱ्याला ठाऊक नसतें; अडत्याला तें ठाऊक असतें, आणि या माहितीबद्दलच त्याला अडत मिळते. शेतकऱ्याला भाव अधिक मिळाला कीं अडतहि त्या प्रमाणांत वाढते, म्हणून दोघांचें हित एकाच दिशेला असतें. परंतु अडत्यानें गिऱ्हाइकाकडूनहि पैसे घ्यावयास सुरुवात केली, किंवा पडद्याआड तोच स्वतः गिऱ्हाईक होऊन बसला, तर मग तो भाव कोणासाठीं ठरवितो? हा प्रश्न जसा धान्याच्या बाजारांत उत्पन्न होतो तसाच लेखणीच्या बाजारांतहि होतो. अमेरिकेंतील हॉलिवुड येथें चित्रपटांच्या कथा लिहिणाऱ्या लेखकांना या प्रश्नानें अनेक दशकें या ना त्या रूपानें छळलें. आणि २०१९ सालीं सात हजारांहून अधिक लेखकांनीं आपापल्या एजंटांना एकदम रजा दिली, तेव्हां तो जगापुढें उघड उभा राहिला.

चित्रपटाच्या बाल्यावस्थेंत लेखक असा निराळा माणूस बहुधा नसे. चित्र एका रिळाचें, अवघें दहा-पंधरा मिनिटांचें. दिग्दर्शक मनांत एखादा प्रसंग जुळवी आणि तो टिपून मोकळा होई. गोष्ट हवीच असेल तर छापील पुस्तकांतून उचलावी, विचारतो कोण? अशाच वृत्तीनें कॅलेम नांवाच्या कंपनीनें १९०७ सालीं ल्यू वॉलेस यांच्या 'बेन हर' या गाजलेल्या कादंबरीवरून एक छोटेंसें चित्र काढलें. वॉलेस दोन वर्षांपूर्वीं वारले होते. परंतु त्यांच्या प्रकाशकांनीं, म्हणजे हार्पर ब्रदर्स यांनीं, फिर्याद केली. १९११ मध्यें अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें असा निर्णय दिला कीं, कादंबरीवरून चित्र काढणें म्हणजे तिचें नाट्यरूपांतर करणेंच होय, आणि त्यास हक्कदाराची संमति अवश्य आहे. कॅलेमला २५,००० डॉलर भरून तें प्रकरण मिटवावें लागलें. गोष्टीला मालक असतो, हें तत्त्व या धंद्यांत त्या दिवशीं प्रथम पक्कें झालें.

फुकटची गोष्ट महाग पडते असें दिसतांच कंपन्यांचा ओढा नव्या कथा विकत घेण्याकडे वाढला. १९१२ मध्यें अनीता लूस या कॅलिफोर्नियांतील तरुणीनें टपालानें पाठविलेली एक कथा बायोग्राफ कंपनीनें पसंत केली. 'द न्यूयॉर्क हॅट' हें तें चित्र. दिग्दर्शक डी. डब्ल्यू. ग्रिफिथ, नायिका मेरी पिकफर्ड, आणि लेखिकेचें मोल २५ डॉलर! न विचारतां घेतलेल्या कथेची भरपाई पंचवीस हजार, आणि विचारून घेतलेल्या कथेचें मोल पंचवीस. या दोन आंकड्यांमधील अंतर हेंच पुढच्या साऱ्या झगड्याचें क्षेत्र होय.

याच सुमारास पटकथा ही एक शिकण्यासारखी विद्या आहे अशी जाणीव झाली. एपिस विन्थ्रॉप सार्जंट यांनीं चित्रकथेच्या तंत्रावर ग्रंथ लिहिला. टपालानें कथालेखन शिकविणाऱ्या संस्था निघाल्या. परंतु कलेला खरी शिस्त लागली ती चित्रशाळेंत. निर्माते टॉमस इन्स यांनीं अशी पद्धति पाडली कीं, कॅमेरा हलण्यापूर्वींच प्रत्येक दृश्य क्रमवार कागदावर उतरावें. स्थळ कोणतें, पात्रें किती, वेश कोणते, हें सर्व आधीं नमूद असावें. त्यामुळें पटकथा एकाच वेळीं गोष्टहि झाली आणि अंदाजपत्रकहि झाली. लेखकाला यांत लाभ होता तसा तोटाहि होता. त्याच्या कागदावांचून आतां कोणाचें पान हलेना. पण तोच कागद हातांत आल्यामुळें निर्मात्याला लेखकावांचूनहि काम पुढें नेतां येऊं लागलें. एकानें कथानक रचावें, दुसऱ्यानें तें मोडून बांधावें, तिसऱ्यानें विनोद घालावा, अशी वांटणी शक्य झाली.

१९२७ च्या 'द जॅझ सिंगर' नंतर बोलपटांचें युग आलें, आणि संवाद लिहिणाऱ्यांची एकाएकीं टंचाई भासूं लागली. न्यूयॉर्कच्या रंगभूमीवरून नाटककार आले, वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांतून बातमीदार आले. शिकागोचे बातमीदार बेन हेक्ट हे त्यांपैकींच. 'अंडरवर्ल्ड' या मूकपटाच्या कथेबद्दल त्यांना १९२९ च्या पहिल्याच अकॅडमी पारितोषिक-समारंभांत गौरविण्यांत आलें. या मंडळींना बोलणें लिहितां येत होतें, परंतु बोलणें केव्हां लिहूं नये हें शिकावयाचें होतें. तो धडा मूकपटांत मुरलेल्या लेखिकांनीं आधींच गिरविलेला होता. फ्रान्सिस मॅरियन यांचें उदाहरण येथें लक्षांत घेण्यासारखें आहे. 'द बिग हाउस' ही तुरुंगाची कथा लिहिण्यापूर्वीं त्या सॅन क्वेन्टिनच्या तुरुंगांत जाऊन तेथील जीवन पाहून आल्या. आणि १९३० मध्यें लेखनाचें अकॅडमी पारितोषिक मिळविणारी पहिली स्त्री असा मान त्यांनीं संपादन केला. पुढें 'द चँप' या चित्राबद्दल त्यांना तें दुसऱ्यांदा मिळालें. १९३७ मध्यें त्यांनीं चित्रकथा कशा लिहाव्या आणि त्या कशा विकाव्या यावर पुस्तक प्रसिद्ध केलें. लिहिणें आणि विकणें हे दोन शब्द एका अनुभवी लेखिकेनें एकाच मथळ्यांत बसवावे, यांत त्या धंद्याचें सारें सत्य सांठविलेलें आहे.

कारण त्या काळचा पटकथालेखक हा बहुशः आठवड्याच्या पगारावरचा नोकर होता. एकाच कथेवर अनेक लेखकांना, कित्येकदां एकमेकांच्या नकळत, कामाला लावण्यांत येई. शेवटीं पडद्यावर नांव कोणाचें झळकावें हें निर्माता ठरवी. मार्च १९३३ मध्यें अमेरिकेंतील बँका बंद पडल्या तेव्हां चित्रशाळांनीं पगार आठ आठवडे निम्म्यानें कापण्याचें जाहीर केलें. त्याच वसंतांत लेखकांनीं 'स्क्रीन रायटर्स गिल्ड' हा संघ नव्यानें उभारला. नाटककार जॉन हॉवर्ड लॉसन त्याचे पहिले अध्यक्ष झाले. मालकांनीं १९३६ मध्यें एका प्रतिस्पर्धी संघाला उत्तेजन दिलें. १९३८ मध्यें सरकारी मजूर-मंडळाच्या देखरेखीखालीं मतदान होऊन लेखकांनीं गिल्डच्या पारड्यांत मतें टाकलीं. तरीहि पहिला करार हातीं पडावयास १९४२ साल उजाडलें.

या करारानें नांवाचा निर्णय लेखकसंघाच्या हातीं आला. वाद पडल्यास संघाचे तीन सभासद सर्व मसुदे वाचतात आणि कथा कोणाची, पटकथा कोणाची, हें ठरवितात. निर्णय देणारांचीं नांवें गुप्त राहतात. पडद्यावरच्या नांवावर लेखकाचा पुढचा भाव अवलंबून असतो. आणि चित्र पुनः पुनः दाखविलें गेल्यास मिळणारा मोबदलाहि पुढें त्याच नांवावर ठरूं लागला. अशा रीतीनें लेखकांनीं आपली एक बाजू राखली. पण मालकाशीं भाव ठरविणाराच दुसऱ्याचा असेल तर काय करावें, हा प्रश्न अजून पुढेंच होता.

एजंट हा चित्रपटाच्याहि आधींचा. विल्यम मॉरिस यांनीं १८९८ मध्यें न्यूयॉर्कमध्यें आपली कचेरी थाटली ती विविध मनोरंजनाच्या नाटकगृहांना नट पुरविण्यासाठीं. ज्यूल्स स्टाइन या नेत्रवैद्यानें १९२४ मध्यें शिकागो येथें 'म्यूझिक कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका' स्थापन केली, ती वाद्यवृंदांना कामें मिळवून देण्यासाठीं. हॉलिवुडांत या धंद्याला दरारा आणला मायरन सेल्झनिक यांनीं. त्यांचे वडील चित्रपटनिर्माते होते आणि धंद्यांत त्यांचें दिवाळें निघालें होतें. मुलानें मालकांच्या समोरची खुर्ची घेतली आणि कलावंतांचे पगार चढविण्याचा धडाका लावला. लीलंड हेवर्ड यांच्याकडे अनेक नामांकित लेखक होते. एजंटाची अडत दहा टक्के, हा दंडक रूढ झाला.

त्या दहा टक्क्यांचें मोल लेखकाला मिळत असे, हेंहि निखालस खरें आहे. एकट्या लेखकानें मोठ्या चित्रशाळेच्या चालकापुढें भाव करणें म्हणजे बोरूनें तलवारीशीं लढणें होय. एजंटाला दुसऱ्या चित्रशाळेंत काय भाव मिळाला हें ठाऊक असे. 'नाहीं' म्हणण्याचें धैर्य त्याच्याकडे असे. आणि तें म्हणण्याचा कटुपणा तो स्वतःवर घेई. १९५० मध्यें म्यूझिक कॉर्पोरेशनचे चालक ल्यू वॉसरमन यांनीं नट जेम्स स्टुअर्ट यांच्यासाठीं 'विंचेस्टर ७३' या चित्राच्या नफ्यांत भाग मिळवून दिला, तेव्हां साऱ्या धंद्याचे डोळे विस्फारले. पगारदार कलावंत भागीदार होऊं शकतो, हें एका एजंटानें सिद्ध केलें होतें.

परंतु अडतीची वाट याच्याहि आधीं वळली होती, आणि ती वळली रेडिओच्या दिवसांत. अमेरिकेंतील रेडिओ-कार्यक्रमांचा खर्च जाहिरातदार सोसत. एजन्सीनें लेखक, गायक, विनोदी नट, वाद्यवृंद असा सगळा संच एकत्र बांधावा आणि जाहिरातदाराला तो एकठोक विकावा, अशी चाल पडली. या गांठोड्याला 'पॅकेज' म्हणूं लागले. टेलिव्हिजन आल्यावर ही चाल तिकडे गेली. म्यूझिक कॉर्पोरेशननें तर आणखी एक पाऊल टाकलें: 'रेव्ह्यू' नांवाची स्वतःची निर्मितिसंस्था चालविली. एजंटानें निर्माता होऊं नये असा नटसंघाचा नियम होता. पण १९५२ मध्यें, रोनाल्ड रेगन अध्यक्ष असतांना, त्या संघानें तिला खास सूट दिली. दहा वर्षांत ती कंपनी इतकी फोफावली कीं तिनें युनिव्हर्सल चित्रशाळेची मालकी असलेली डेक्का कंपनीहि ताब्यांत घेतली. तेव्हां १९६२ मध्यें अमेरिकन सरकारच्या न्यायखात्यानें मक्तेदारीविरुद्ध दावा लावला आणि कंपनीला अडत किंवा निर्मिति यांपैकीं एक सोडणें भाग पडलें. तिनें अडत सोडली. अधिक पैसा कोणत्या बाजूला आहे हें तिच्या निवडीवरून उघड झालें.

या प्रकरणाचा धडा धंद्यानें अर्धाच घेतला. एजन्सीनें उघडपणें निर्माता होणें थांबलें. पॅकेज मात्र थांबलें नाहीं. १९५४ मध्यें लेखकांचे संघ 'रायटर्स गिल्ड ऑफ अमेरिका' या नांवाखालीं पूर्व आणि पश्चिम अशा दोन शाखांत एकवटले. १९७६ मध्यें गिल्डनें एजंटांच्या संघटनेशीं करार केला आणि त्यांत पॅकेजला वाव ठेवला. त्याच्या आदल्याच वर्षीं विल्यम मॉरिस संस्थेंतून बाहेर पडलेल्या पांच एजंटांनीं 'क्रिएटिव्ह आर्टिस्ट्स एजन्सी' काढली होती. नट, दिग्दर्शक व लेखक एकत्र बांधून विकण्याच्या कलेंत ती पुढें अग्रेसर झाली.

पॅकेजचा हिशेब समजून घेतल्यावांचून पुढचा कलह समजणार नाहीं. त्याचें प्रचलित सूत्र तीन-तीन-दहा असें होतें. टेलिव्हिजन कंपनी मालिकेच्या प्रत्येक भागासाठीं निर्मात्याला जी रक्कम देते तिच्यांतून तीन टक्के एजन्सीला लागलीच. आणखी तीन टक्के मागाहून, नफा झाल्यास. आणि मालिकेच्या पुढील उत्पन्नांतून दहा टक्के. समजा, ही रक्कम दर भागाला २० लाख डॉलर आहे. तर एजन्सीला प्रत्येक भागामागें ६०,००० डॉलर मिळाले. वर्षांत २२ भाग झाले तर १३ लाख २० हजार. त्याच मालिकेवर वर्षाला पांच लाख डॉलर मिळविणाऱ्या लेखकाकडून दहा टक्क्यांनीं अडत घेतली असती तर ती वर्षभरांत ५०,००० भरली असती. म्हणजे संबंध वर्षाच्या अडतीहून एका भागाची दस्तुरी अधिक! पॅकेजमधील लेखकाकडून अडत घेत नसत, म्हणून लेखकालाहि वाटे कीं आपले दहा टक्के वांचले. पण ज्याला आपल्या पगारांतून कांहीं मिळत नाहीं, त्याला आपला पगार वाढविण्याची निकड काय? शिवाय एजन्सीची रक्कम निर्मितीच्या खर्चांतूनच निघावयाची. त्याच खर्चांतून लेखकांचे पगार.

एजंटांची बाजूहि अगदीं पोकळ नव्हती. दहा टक्के वांचल्यानें लेखकाचा रोख फायदा होतो. जी मालिका एरवीं कागदावरच राहिली असती ती नट व दिग्दर्शक जोडून दिल्यानें उभी राहते. यशस्वी मालिकेंतूनच मोठा पैसा येतो, म्हणून मालिका यशस्वी व्हावी अशीच एजन्सीची इच्छा असते, असें त्यांचें म्हणणें होतें. मालिका चांगली चालत होत्या तोंवर लेखकांनीं हें मानलें. पण पुढें काळ पालटला. २२ भागांच्या हंगामाच्या जागीं आठ-दहा भागांचे हंगाम आले. दर भागामागें मानधन घेणारा लेखक त्याच पैशांत अधिक आठवडे राबूं लागला. मोठ्या एजन्सींत बाहेरच्या गुंतवणूकदारांचें भांडवल शिरलें. आणि बड्या एजन्सींशीं संबंधित अशा निर्मितिसंस्था पुनः निघूं लागल्या. १९६२ मध्यें बंद केलेला दरवाजा मागच्या बाजूनें उघडला होता.

एप्रिल २०१८ मध्यें गिल्डनें १९७६ चा करार बदलण्याची वर्षाची नोटीस दिली. मार्च २०१९ मध्यें नव्या आचारसंहितेवर सभासदांचें मत घेतलें. अनुकूल मतें ७,८८२ आणि प्रतिकूल ३९२. पॅकेजची दस्तुरी नको आणि एजंटानें निर्माता होणें नको, हा त्या संहितेचा गाभा. १२ एप्रिल रोजीं बोलणीं फिसकटलीं. संघानें आज्ञा केली कीं, जो एजंट या संहितेवर सही करणार नाहीं त्याला लेखकानें लेखी रजा द्यावी. पुष्कळांच्या दृष्टीनें ही गोष्ट नुसत्या व्यवहाराची नव्हती. पहिली पटकथा ज्यानें वाचली, पडत्या काळांत ज्यानें धीर दिला, अशा माणसाला तें पत्र पाठवावयाचें होतें. तरीहि थोड्याच दिवसांत सात हजारांहून अधिक पत्रें जमा झालीं. १७ एप्रिल रोजीं गिल्डनें चार सर्वांत मोठ्या एजन्सींवर फिर्याद लावली. एजन्सींनींहि उलट फिर्यादी केल्या. त्या न्यायालयीन लढाईंत लेखकांचा जय झाला असें म्हणतां येणार नाहीं. २०२० मध्यें संघन्यायालयानें त्यांचे कांहीं मुद्दे फेटाळले आणि कांहीं पुढें चालूं दिले.

निकाल लागला तो बाजारांतच. एजंटावांचून लेखकाला काम मिळत नाहीं, अशी समजूत होती. संघानें आपल्या सभासदांच्या संहिता मालिकाचालकांपर्यंत पोहोंचविण्याची सोय केली. मालिका चालविणारे ज्येष्ठ लेखक अनोळखी लेखकांच्या संहिता वाचूं लागले आणि एकमेकांकडे त्यांची शिफारस करूं लागले. नवशिक्यांची आबाळ झाली नाहीं असें नव्हे. ओळख नसलेल्याला दार अधिक जड गेलें. पण काम थांबलें नाहीं. मे २०१९ मध्यें 'व्हर्व्ह' या मध्यम आकाराच्या एजन्सीनें सही केली. चार बड्यांपैकीं युनायटेड टॅलंट एजन्सीनें जुलै २०२० मध्यें, आयसीएमनें ऑगस्टमध्यें, क्रिएटिव्ह आर्टिस्ट्सनें डिसेंबरमध्यें, आणि विल्यम मॉरिसची वारस जी डब्ल्यूएमई तिनें फेब्रुवारी २०२१ मध्यें मान्यता दिली. नवीं पॅकेजें घेण्याची मुदत ३० जून २०२२ रोजीं संपली. निर्मितिसंस्थेंत एजन्सीचा वांटा २० टक्क्यांहून अधिक असूं नये असें ठरलें. आणि लेखकांच्या करारांची माहिती एजन्सींनीं गिल्डला द्यावी हेंहि ठरलें. तथापि त्याच जून महिन्यांत क्रिएटिव्ह आर्टिस्ट्सनें आयसीएम विकत घेतली आणि चार बड्यांचे तीन झाले. मुखत्याराचें इमान लेखकाकडे वळलें, पण मुखत्यारांची संख्या घटली.

२०२३ मध्यें हेच लेखक चित्रशाळांविरुद्ध १४८ दिवस संपावर होते. त्या संपानंतरच्या करारांत अन्य गोष्टींबरोबर असेंहि ठरलें कीं, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्रानें तयार केलेल्या मजकुराला लेखकाचा दर्जा मिळणार नाहीं. १९११ चा निकाल, १९४२ चा करार, २०२२ ची मुदत आणि २०२३ चें हें कलम, या चारींत विषय निराळे दिसतात, पण प्रश्न एकाच कुळांतले आहेत: गोष्ट कोणाची, नांव कोणाचें, आणि तिचा सौदा करणारा मनुष्य कोणाच्या वतीनें बोलतो? यांपैकीं पहिल्या दोहोंचीं उत्तरें हॉलिवुडच्या लेखकांनीं एका पिढींत मिळविलीं. तिसऱ्या उत्तराला विलंब लागला, कारण तें मागतांना शत्रूशीं नव्हे तर सोबत्याशीं वैर पत्करावें लागणार होतें.